पदवीच्या मुलांचं संशोधन नियतकालिक काढतोय, परीक्षणाचं अडलंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला आहे. आम्ही काही जण मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाचं ऑनलाइन नियतकालिक काढतोय. संपादन मुलांचं, प्राध्यापक फक्त सल्लागार.

‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी दरवर्षी मुलं मन लावून प्रकल्प करतात. स्पर्धा संपली की पोस्टर गुंडाळून विभागाच्या कपाटावर! आमच्या वर्गातल्या एकीने आठवडी बाजारातल्या भाजीवाल्यांच्या उधारीवर काम केलंय. सकाळी माल उचलताना घेतलेले पैसे संध्याकाळी किती जास्त देऊन फेडावे लागतात, ते तिने बायकांशेजारी पोत्यावर बसून टिपलं. हे कुणाला वाचायलाच मिळू नये, याचं फार वाईट वाटतं. आणि पैसे घेऊन चार दिवसांत ‘पेपर’ छापून देणाऱ्यांच्या दारात तिने जाऊ नये असंही वाटतं.

ओपन जर्नल सिस्टम्स हे नियतकालिक चालवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते ग्रंथपाल सर बसवून देतायत. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, तोही फुकट मिळतो. त्यासाठी आधी काही लेख प्रसिद्ध करून दाखवावे लागतात, ते करू. ‘यूजीसी-केअरच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या) यादीत येणार का?’ असं अजूनही विचारतात, पण ती यादी यूजीसीनेच २०२५ मध्ये बंद केली.

खरी अडचण परीक्षणाची, म्हणजे छापण्याआधी लेख दुसऱ्या कोणाकडून तपासून घेण्याची. लेखावरचं नाव झाकलं तरी विषयावरून कोणाचा ते सगळ्यांना कळतं. सरांकडे पाठवला तर ‘चांगला प्रयत्न, शुभेच्छा’ एवढंच लिहून येतं. शिवाय काही ठिकाणी मार्गदर्शकांचं नाव लेखक म्हणून आधी घालायचा आग्रह असतो. त्यांना न दुखावता नाही कसं म्हणायचं?

प्रतिसाद

छान काम हाती घेतलंय. मी कॉलेजात शिकवते, म्हणून थोडं सांगते.

जवळच्या दोन-तीन कॉलेजांशी बोला आणि लेखांची अदलाबदल करा. तुमचे त्यांनी तपासायचे, त्यांचे तुम्ही. कोऱ्या कागदावर अभिप्राय मागू नका, नेमके प्रश्न द्या: माहिती कशी जमवली? निष्कर्ष त्या माहितीतून निघतो का? कुठला उतारा उचललेला वाटतो? हे तिसऱ्या वर्षाची मुलंही नीट तपासू शकतात. विषयाची खोली मात्र शिक्षकांनीच बघावी.

नावाचा नियम पहिल्या अंकाआधीच छापून टाका. लेखाच्या शेवटी कोणी काय केलं ते लिहायचं, आणि मार्गदर्शकांचे आभार वेगळे. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाला वैयक्तिक नकार द्यावा लागत नाही.

आणि त्या भाजीवाल्या बायकांची संमती घेतली आहे ना? नावं बदला, बाजाराचं गावही झाका. सावकार तिथलाच असतो.

धाग्याकर्ता

मनापासून आभार, ताई. गावाचं नाव लेखात तीन ठिकाणी आहे, आजच तिला सांगतो. तुमची प्रश्नावली असेल तर इथे टाकाल का? आणि सोलापूर, धाराशिवकडचं कुठलं कॉलेज अदलाबदलीला तयार असेल तर कृपया कळवा.