बांधकामाचा पैसा मिळेल, पण दरवर्षीचा तोटा कोण भरणार?
केंद्राने प्रादेशिक रेल्वेमार्ग बांधून दिला की पुढचं स्थानिक संस्था तिकिटांवर भागवतील, असं म्हटलं जातं; ते पटत नाही. बांधकामाचा खर्च एकदाच. चालक, इंधन, देखभाल आणि रूळवापराचं शुल्क दरवर्षी, आणि प्रादेशिक गाड्यांत (म्हणजे जवळच्या गावा-शहरांना जोडणाऱ्या) ते तिकिटांतून क्वचितच पूर्ण निघतं. जर्मनीत १९९६ पासून या गाड्यांची जबाबदारी घटकराज्यांकडे आहे, पण सोबत केंद्राकडून कायद्याने ठरलेली रक्कम दरवर्षी येते. म्हणूनच तिथे गाडी चालवणाऱ्या कंपनीशी दीर्घ मुदतीचे करार करता येतात.

आणि निधी मागण्याआधी वेळापत्रक आखा, हे फार महत्त्वाचं! एकेरी मार्गावर (दोन्ही दिशांना एकच रूळ) दोन क्रॉसिंग स्थानकांमधलं, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात अशा स्थानकांमधलं, अंतर कापायला २० मिनिटं लागत असतील, तर दोन्ही दिशांनी दर अर्ध्या तासाला गाडी अशक्य, कारण एक जाणारी आणि एक येणारी गाडी मिळूनच ४० मिनिटं रूळ अडतो. तिथे नव्या डब्यांआधी मधे लूप लाइन (गाडी बाजूला थांबवायचा जादा रूळ) हवी.