समुद्रतळावरच्या केबल तुटतात, पण हेतू सिद्ध होत नाही. अशा वेळी लोकशाही देशांनी काय करावे?

प्रश्न : गुहागरकर

माझा भाचा बोटीवर थर्ड ऑफिसर आहे. गेल्या आठवड्यात तो घरी आला असताना ‘ईगल एस’ या टँकरचा विषय निघाला आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

२५ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळात, फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी ‘एस्टलिंक-२’ ही समुद्राखालची ६५० मेगावॉटची वीजवाहिनी बंद पडली आणि तिच्यासोबत चार दूरसंचार केबलनाही इजा झाली. रशियाच्या उस्त-लुगा बंदरातून पेट्रोल घेऊन निघालेला हा टँकर त्या वेळी तिथून जात होता. त्याची नोंदणी कुक बेटांची होती आणि खलाशी जॉर्जिया व भारत या देशांचे होते. फिनलंडच्या पथकांनी हेलिकॉप्टरने जहाजावर उतरून ते ताब्यात घेतले. कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला, त्यांपैकी एक अधिकारी आपल्या देशाचा. मात्र ३ ऑक्टोबर २०२५ रोजी हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने, हा खटला चालवण्याचा अधिकार फिनलंडला नाही, असे सांगून तो फेटाळला.

आधी २०२३ च्या ऑक्टोबरात बाल्टिककनेक्टर ही गॅसवाहिनी एका जहाजाच्या नांगराने फाटली होती आणि २०२४ च्या नोव्हेंबरात आणखी दोन केबल तुटल्या. प्रत्येक वेळी संशय रशियाकडे वळतो आणि प्रत्येक वेळी ‘अपघात झाला’ हे उत्तर तयार असते. ज्या शत्रूने युद्ध पुकारलेलेच नाही, त्याच्याशी कायदा पाळणाऱ्या देशांनी लढायचे तरी कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : निवृत्त चीफ ऑफिसर

मी तीस वर्षे टँकरवर काढली, म्हणून नांगरापुरते अधिकाराने लिहितो. जहाज खुल्या समुद्रात निघाले की नांगर ‘विंडलास’च्या, म्हणजे नांगर वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या, ब्रेकवर असतो, त्याखेरीज साखळीवर ‘चेन स्टॉपर’ ही अडसर-पट्टी आडवी पडलेली असते आणि वरून लॅशिंग, म्हणजे बांधणीची तार, आवळलेले असते. ब्रेकचे अस्तर झिजलेले, स्टॉपर गंजलेला, लॅशिंग कुणी केलेलेच नाही, असे सगळे एकाच वेळी जुळून आले तर नांगर आपोआप सुटूही शकतो, आणि २००६ साली बांधलेल्या, हात बदलत आलेल्या जहाजावर हे अशक्य आहे असे मी म्हणणार नाही.

परंतु तो सुटल्यानंतर काय होते ते सांगतो. साखळी सुटताना जो गडगडाट होतो, तो झोपलेल्या माणसाला उठवतो. साखळीची एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर, आणि अशा कित्येक शॅकल एका दमात बाहेर जातात. नांगर तळाला लागला की जहाजाचा वेग पडतो, इंजिनावरचा भार बदलतो आणि पायाखाली थरथर जाणवते. ईगल एसचा नांगर सुमारे ११ टनांचा होता, तो पुढे जवळपास ८० मीटर खोलीवरून वर काढण्यात आला, आणि तळावरची ओरखड्याची रेघ कित्येक किलोमीटर लांब होती. इतका वेळ ब्रिजवरच्या (जहाज चालवण्याच्या कक्षातल्या) माणसाला काहीच कळले नाही, हे माझ्या गळी उतरत नाही. तरीही ‘कळायला हवे होते’ आणि ‘मुद्दाम केले’ या दोन वाक्यांमध्ये मोठे अंतर आहे. हायब्रिड युद्ध, म्हणजे युद्ध न पुकारता आडून केलेले हल्ले, नेमके या अंतरात खेळले जाते. जहाज जुने, मालक कागदावरचा, विमा संशयास्पद, खलाशी निरनिराळ्या देशांचे, आणि यातील एकही गोष्ट स्वतःहून गुन्हा नाही.

प्रतिसाद २ : हेलसिंकीहून

मी येथे अकरा वर्षे राहते. काकांनी नांगराविषयी लिहिले ते वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. मला वेगळ्या बाजूने उत्तर द्यायचे आहे.

घाव घालणाऱ्याला पकडता आले नाही, तरी घावातून त्याला काही मिळू न देणे आपल्या हातात असते. नाताळात एस्टलिंक-२ गेली, तेव्हा फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यातील वीजवहनाची क्षमता १,०१६ मेगावॉटवरून ३५८ वर आली. एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया हे तिन्ही देश त्या वेळी सोव्हिएत काळापासूनच्या रशियन ग्रिडमधून बाहेर पडण्याच्या तयारीत होते आणि ठरलेल्या दिवसाला जेमतेम सहा आठवडे उरले होते. एवढा मोठा दुवा तुटल्यावर तारीख पुढे ढकलली असती, तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी ती ढकलली नाही. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी रशियाकडच्या तारा तोडल्या, एक दिवस तिन्ही देश स्वतःच्या बळावर चालले आणि ९ तारखेला पोलंडमार्गे युरोपच्या ग्रिडला जोडले गेले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले सर्वांत ठोस प्रत्युत्तर तेच होते. नाटोने जानेवारीत ‘बाल्टिक सेंट्री’ ही गस्त सुरू केली, तिचाही उपयोग आहे, पण एवढ्या समुद्रावर प्रत्येक नांगराशेजारी युद्धनौका उभी करता येत नाही.

दुसरी गोष्ट घराघरातली आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात जाड पोलादी दाराचा निवारा आहे. एरवी तिथे सायकली, स्की आणि अडगळ असते, मात्र आदेश आल्यास ७२ तासांत तो रिकामा करून वापरण्याजोगा करणे कायद्याने बंधनकारक आहे. देशभरात असे पन्नास हजारांवर निवारे आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता भोंग्याची चाचणी होते. प्रत्येक घराने तीन दिवस बाहेरच्या मदतीवाचून निभावावे, अशी सूचना आहे. माझ्या कपाटात पाण्याचे कॅन, बॅटरीवरचा रेडिओ आणि आयोडीनच्या गोळ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी पोहे, शेंगदाणे व गूळ. हे सारे येथे भीतीपोटी होत नाही, नळदुरुस्तीइतक्या सहजतेने होते. केबल तुटल्याची बातमी आली त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या आजींनी आपल्या रेडिओतले सेल तपासले आणि पुन्हा विणायला बसल्या. समाजात घबराट माजवणे हा ज्या हल्ल्याचा अर्धा हेतू असतो, त्याचा तो अर्धा भाग अशा घरांत वाया जातो.

प्रतिसाद ३ : सागरी कायदा

न्यायालयाच्या निकालाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक वाटते, कारण ‘फिनलंड हरला’ असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो. केबल जिथे तुटली ती जागा फिनलंडच्या प्रादेशिक समुद्रात नव्हती, त्यापलीकडच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात होती, जिथे देशाला मुख्यतः साधनसंपत्तीवर हक्क असतो. १९८२ च्या समुद्र कायदा कराराचे कलम ९७ असे सांगते की, अशा पाण्यात जहाज चालवताना घडलेल्या घटनेबद्दल कप्तानावर किंवा अधिकाऱ्यांवर फौजदारी कारवाई करायची, तर ती जहाजाच्या निशाणाचा (नोंदणीचा) देश किंवा त्या माणसाच्या नागरिकत्वाचा देश करू शकतो. किनाऱ्यावरच्या ज्या देशाचे नुकसान झाले, त्याला येथे स्थान नाही. हा नियम जगभरच्या खलाशांना परक्या देशांच्या मनमानीपासून वाचवण्यासाठी केलेला आहे, आणि आपल्याकडच्या हजारो खलाशांनाही त्याचेच संरक्षण आहे.

म्हणूनच मला तो मोडीत काढावासा वाटत नाही. पण त्यातून एक गोष्ट निघते, तिच्याकडे आपल्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. या कलमाप्रमाणे भारतीय अधिकाऱ्यावर कारवाई करण्याचा अधिकार भारताला होता. मित्रराष्ट्रांनी आपापसात कितीही गस्त वाढवली, तरी पैसे घेऊन परक्या जहाजांना आपले निशाण देणारे छोटे देश आणि खलाशी पुरवणारे मोठे देश जोवर या चौकटीत येत नाहीत, तोवर हे छिद्र बुजणार नाही. जहाज बंदरात अडकवून ठेवणे, सीमाशुल्काची तपासणी, निर्बंधांची यादी, विम्याच्या कागदांची मागणी, हे मार्ग आजही कायद्यात बसतात, आणि ईगल एस मार्च २०२५ पर्यंत फिनलंडच्या पाण्यातच अडकून होते, हे मालकाच्या दृष्टीने लहान नुकसान नव्हे.

प्रतिसाद ४ : सीमेवरचा प्रश्न

वरील सर्वांशी सहमत आहे, फक्त एका बाबतीत सावध करावेसे वाटते. २०२३ च्या शरद ऋतूत रशियाने कागदपत्रे नसलेल्या सुमारे तेराशे लोकांना फिनलंडच्या सीमेवर येऊ दिले, तेव्हा फिनलंडने १,३४० किलोमीटरच्या सीमेवरील सगळे नाके बंद केले, आणि जुलै २०२४ मध्ये आश्रयाचा अर्ज न घेताच माणसे परत पाठवण्याची मुभा देणारा कायदा १६७ विरुद्ध ३१ मतांनी संमत केला. देशातल्याच घटनातज्ज्ञांनी त्याला विरोध केला होता. शत्रूने माणसांचा हत्यारासारखा वापर केला हे खरे, परंतु बर्फात उभा असलेला माणूस हत्यार नसतो. तात्पुरता म्हणून आलेला असा कायदा लांबत गेला, तर शत्रूला हवे ते आपण आपल्या हाताने केले, असे होईल.

गुहागरकर

सर्वांचे मनापासून आभार. चीफ ऑफिसर काकांना एक विचारायचे आहे. भाच्याला एका एजंटाने जुन्या टँकरवर नोकरी देऊ केली आहे, पगार नेहमीपेक्षा बराच जास्त आहे. त्याने काय पाहावे?

निवृत्त चीफ ऑफिसर

सर्वप्रथम एजंटाकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाज महासंचालनालयाचा, आरपीएसएल (खलाशी-भरतीचा) परवाना आहे का, ते स्वतः संकेतस्थळावर तपासावे, छायाप्रतीवर विश्वास ठेवू नये. त्यानंतर जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मागावा. नाव आणि निशाण बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही, त्यामुळे जहाजाचा मागचा सगळा प्रवास त्यावरून कळतो. विमा कोणाचा आहे ते विचारावे. उत्तर द्यायला एजंट टाळाटाळ करू लागला, तर भाच्याने ती नोकरी घेऊ नये. आणि तो गेलाच, तर पहिल्या वॉचला (पाळीला) जहाजाच्या पुढच्या टोकाशी जाऊन चेन स्टॉपर स्वतःच्या हाताने हलवून पाहावा.

गुहागरकर

त्याला आजच सकाळी आयएमओ क्रमांक मागायला सांगितले. एजंटाने अजून तो दिलेला नाही.