सही करण्याआधी: नोकरीतल्या त्या एका कागदाबद्दल लिहा

ओली_वाळू

भाचीला पहिली नोकरी लागली. रुजू व्हायच्या आदल्या रात्री तिने विचारलं, "मावशी, साहेबांनी चुकीच्या कागदावर सही कर म्हटलं तर काय करायचं गं?" उत्तर द्यायला गेले आणि कळलं, माझ्याकडे उत्तर नाही, एक हकीकत आहे. तशा तुमच्याकडेही असणार, म्हणून हा धागा. कंपनीचं, माणसाचं नाव नको एवढंच पथ्य. आणि जिथे ठाम राहिलात तेच लिहा असं नाही. जिथे सही करून मोकळे झालात, तेही लिहा. भाचीला ते जास्त उपयोगी पडेल.

माझं सांगते. सिव्हिलचा डिप्लोमा करून पुण्याजवळच्या एका साइटवर लागले होते. काँक्रीट ओतताना त्याच मालाचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरतात, पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी दाबून फोडतात. पार्किंगच्या खांबांना एम-२५ ग्रेडचं काँक्रीट होतं, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन तरी ताकद यायला हवी. आमचे तीन ठोकळे १८ ते २० मध्ये फुटले. तोवर वर दोन स्लॅब पडून गेले होते.

सीनियर साहेब शांतपणे म्हणाले, "टाकीत कोपऱ्यातले तीन लॅबला पाठव, हे रजिस्टरला घेऊ नको." मी कोपऱ्यातले बाहेर काढले. ठोकळा भरला की माल ओला असतानाच आम्ही वर खिळ्याने तारीख आणि खांबाचा नंबर कोरतो. या तिन्हींचा माथा गुळगुळीत होता. कोरलेलं काहीच नाही, नुसती लाल रंगाने घातलेली तारीख, आणि तो रंग माझ्या अंगठ्याला लागला. जास्त सिमेंट घालून मुद्दाम भरून ठेवलेले ठोकळे होते ते.

मी रजिस्टरला खरे आकडे पेनने लिहिले आणि खाली सही केली. फार विचार करून नाही. हात थरथरत होते, तरी लिहून टाकलं. मग कन्सल्टंट आले, खांबांतून कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल तुकडे, कापून काढले. कोअरची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के लागते आणि एकही कोअर ७५ च्या खाली चालत नाही. आमचे दोन गेले खाली. चार खांबांना जॅकेटिंग करावं लागलं, म्हणजे बाहेरून काँक्रीटचा आणखी थर देऊन मजबूत करावं लागलं. मला दुसऱ्या साइटवर स्टोअरला बसवलं, सळया मोजायला. आठ महिने मोजल्या.

कौंटर_३

ताई, तुम्ही 'सही केली तेही लिहा' म्हणालात म्हणून लिहिते. हे मी नवऱ्यालासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

बँकेत होते. मार्च महिना, शाखेचं विम्याचं टार्गेट अपुरं. आमच्याच गल्लीतले एक काका आले, एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. रकमेची एफडी करायची होती. मॅनेजर आतून म्हणाले, "यातले दोन लाख पॉलिसीत घाल." मी फॉर्म भरला. काकांना सांगितलं, "यात व्याजापेक्षा जास्त मिळतं." दर वर्षी दोन लाख भरावे लागतील, हे वाक्य मी बोलले नाही. खोटं काहीच बोलले नाही, तेवढंच गाळलं. फुलीच्या खुणेपाशी बोट ठेवलं, काकांनी सही केली. मला ओळखत होते म्हणून वाचलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये हप्त्याचा मेसेज घेऊन आले. "ताई, ती एफडीच ना माझी?" एवढंच विचारलं. पॉलिसी परत करायची मुदत तेव्हा १५ दिवसांची होती, ती कधीच उलटून गेली होती. बंद केली तर पैशाला मोठी कात्री. मी तक्रारीचा अर्ज लिहून दिला, त्यात चूक माझी आहे असंही लिहिलं. पूर्ण पैसे काही आले नाहीत.

नोकरी सोडली त्याला सहा वर्षं झाली. काका अजून दिसले की हात वर करतात, आणि मला ते सहन होत नाही. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी लक्षात ठेवा, २०२४ पासून ही मुदत ३० दिवसांची आहे. पॉलिसी हातात आल्यावर त्या ३० दिवसांत स्वतः वाचा, त्यांच्यावर सोडू नका.

तिसरी_पाळी

केमिकल प्लँट, एमआयडीसी. बंद टाकीत किंवा रिअॅक्टरमध्ये माणूस उतरवायचा तर परमिट लागतं. नियम असा की उतरण्याआधी आतली हवा मोजायची. प्रत्यक्षात रात्रीची परमिटं संध्याकाळीच सही होऊन तयार असायची.

रात्री दोनला रिअॅक्टर साफ करायचा होता. ठेकेदाराची दोन पोरं दोर बांधून उभी. परमिटवर ऑक्सिजन २०.९ टक्के लिहिलेला, माझ्या सहीची जागा तेवढी रिकामी. मी मीटर दोरीने आत सोडला, तो केकाटायला लागला. १६. नायट्रोजन मारलेला होता, नीट निघाला नव्हता. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. माणूस खाली उतरतो, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, आणि पाय जातात. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. १९.५ च्या खाली उतरवायचं नाही हे भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लिहिलेलं होतं.

फोनवर साहेब म्हणाले, "आजवर कोणाला काय झालंय?" मी सही केली नाही. ब्लोअर लावला, अडीच तास गेले, २०.८ आला, मग पोरं उतरली. बॅच उशिरा लागली, त्या वर्षी पगारवाढ नावापुरती.

मला लागलं ते वेगळंच. त्या पोरांतला एक माझ्यावरच चिडला होता. "साहेब, काम नाही झालं तर हजेरी कापतात." त्याला १६ चा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता. त्या रात्रीपासून मी उतरणाऱ्याच्या हातात मीटर देतो आणि आकडा त्यालाच मोठ्याने वाचायला लावतो.

अंधारी_खोली

रेडिओलॉजिस्ट आहे, मराठवाड्यात. गर्भलिंगनिदानाचा कायदा १९९४ चा, आणि शब्दांनी, खुणेने किंवा कशानेही सांगायला त्यात बंदी आहे. बाहेरच्या माणसाला नाही म्हणणं सोपं. माझी परीक्षा सख्ख्या मामीने घेतली. सुनेला घेऊन आली, आधीच्या दोन मुली. "बोलू नकोस बाई, नुसती मान हलव."

फॉर्म एफ, म्हणजे सोनोग्राफीच्या नोंदीचा या कायद्यातला फॉर्म, भरला, तपासणी केली, "बाळ छान आहे" म्हटलं. मामी म्हणाली, "लहानपणी तुझी शाळेची फी मी भरलीय." भरली होती, खरं आहे ते. मी पडद्याकडेच बघत राहिले. टेबलावर झोपलेली वहिनी माझा हात इतका घट्ट धरून होती, की तिला काय हवंय ते मला सांगायची गरज नव्हती.

मामी चार वर्षं बोलली नाही. एवढंच.

लेखी_ठेवा

मोठ्या कंपनीत कंप्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागात आहे. पोरीला दोन कामाच्या गोष्टी सांगा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे तक्रारीची वेगळी यंत्रणा ठेवावीच लागते, आणि गरज पडली तर थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जाता येतं. रुजू होताना दिलेल्या कागदांत ते असतं, कोणी वाचत नाही. दुसरं, तोंडी हुकूम आला की त्याच दिवशी मेल टाकायचा: "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक करायचं आहे, बरोबर ना?" निम्मे हुकूम तिथेच मागे घेतले जातात.

पण एकटीने शूर व्हायला सांगू नका. महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबे आठवा. सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा असं लिहून. नाव गुप्त राहिलं नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये बिहारमधल्या गयेत त्यांना गोळी घालून मारलं. त्यामुळे कोणी 'मी घाबरलो' म्हणालं तर मी त्याला नावं ठेवत नाही.

वायरमन_७१

मी देणारा आहे. छोटी सरकारी इलेक्ट्रिकची कामं घेतो. बिल काढायचं तर टक्का ठरलेला. वीस वर्षं दिला. चार माणसांचे पगार माझ्यावर, म्हणून दिला असं स्वतःला सांगत आलो. २०१८ साली कायदा बदलला, आता देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं, तरच सुटका.

दिवाळीआधीच्या बिलाला पहिल्यांदा दिला नाही. मुलगी अकरावीत आहे, तिने वही बघितली होती माझी. 'किरकोळ' म्हणून दर महिन्याला कसली रक्कम लिहिता, असं विचारलं. मला सांगता आलं नाही. बिल अजून अडकलेलं आहे. लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर फोनमध्ये घेऊन ठेवलाय, लावलेला नाही. दोन माणसांना अर्धा पगार दिला या महिन्यात.

तिसरी_पाळी

दादा, लावाल तेव्हा एकटे जाऊ नका. मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत कुठेही असाल तर मी येतो सोबत. खरंच म्हणतोय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कौंटर_३

@ओली_वाळू, एक विचारू? त्या इमारतीकडे कधी गेलात का परत?

ओली_वाळू

गेले होते दोन वर्षांपूर्वी. वॉचमनला सांगितलं, इथे काम केलंय, तर आत सोडलं. चार खांब बाकीच्यांपेक्षा जाड दिसतात, गाडी लावताना लोकांना अडचण होत असणार. त्यातल्या एकावर पोरांनी खडूने स्टंप काढले होते, तीन उभ्या रेघा आणि वर आडव्या दोन. त्यांचा खेळ चालू होता, म्हणून मी बाजूला उभी राहिले.