ज्यांच्या घरातून आधी कुणीच कॉलेजात गेलेलं नाही, अशी मुलं महिन्याभरात गप्प का होतात?

प्रश्न : विभागात मार्गदर्शक-गट सुरू करतोय. स्वागत समारंभ जोरात होतो, पण पुढे हीच मुलं मागच्या बाकावर जातात, शंका विचारायला फिरकत नाहीत. कुठे चुकतं?

प्रतिसाद १ : ‘केव्हाही या’ म्हटलं की कुणीच येत नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला नावानिशी दहा मिनिटांची वेळ द्या, जोडीने आले तरी चालेल. सोबत एक अडलेलं गणित किंवा न कळलेला परिच्छेद आणायला सांगा. रिकाम्या हाताने काय बोलायचं, हीच खरी धास्ती असते.

प्रतिसाद २ : वरच्या वर्गातले चार-पाच जण बोलवा, पण निव्वळ यशोगाथा नकोत, त्यांनी दडपणच येतं. घरच्या परिस्थितीमुळे काय अडलं आणि त्यावर काय केलं, दोन्ही यायला हवं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ निकोल स्टीफन्स व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात अशी चर्चा ऐकलेल्या मुलांनी मदत जास्त मागितली, इतर मुलांशी असलेली गुणांतली दरीही घटली.

प्रश्नकर्ता : मुलं ओळखायची कशी? वर्गात हात वर करायला सांगू?

प्रतिसाद १ : अजिबात नको! प्रवेश अर्जात पालकांचं शिक्षण विचारा, यादी मार्गदर्शकांपुरतीच ठेवा. गट सगळ्यांसाठी खुला असू द्या, म्हणजे शिक्का बसत नाही.

प्रतिसाद ३ : पहिल्या चाचणीनंतरचा आठवडा सांभाळा. कमी गुण पडले की ‘आपण इथले नाहीच’ असं वाटायला लागतं. पेपरवर नुसता आकडा नको. कुठली पायरी चुकली आणि आता काय सोडवायचं, ते लिहा. शुल्क, शिष्यवृत्ती आणि विषय बदलण्याच्या मुदती एका पानावर छापून द्या.