प्रवेश अर्जातली खोटी माहिती: तुम्ही जवळून काय पाहिलंत?

बारावीचा निकाल लागला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक सायबर कॅफेत गर्दी उसळते, आणि 'भर रे, कोण बघतंय' असं सांगणारा एक तरी जाणता तिथे भेटतोच. त्या 'कोण बघतंय'चं पुढे काय झालं, ते लिहा. सांगोवांगी नको. माणसांची, कॉलेजांची नावंही नकोत.

कुडाळ
कृषीच्या प्रवेशाला सातबाऱ्याचे जादा गुण असतात. आपल्याकडचा सातबारा म्हणजे पणजोबांपासूनची सामायिक नावं, वारस नोंद कधी झालेलीच नाही. धाकट्या भावाच्या वेळी एकाने सुचवलं, त्याच आडनावाच्या दुसऱ्या घराचा उतारा लावा. बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या जमिनीर डिगरी कित्याक व्हयी?" तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला, पण फेरफार वेळेत झाला नाही. गुण गेले, हवं ते कॉलेजही गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. वाडीतल्याच दुसऱ्या मुलाने मात्र तसा उतारा लावला. पहिलं वर्ष संपत आलं असताना यादीत त्याच्या मागे राहिलेल्याच्या घरच्यांनी तक्रार केली. सातबारा ऑनलाइन कुणालाही बघता येतो. सीट गेली, वर्ष गेलं, आणि ज्यांचा उतारा होता त्या घराशी बोलणंही तुटलं.

रत्नागिरी (निवृत्त मुख्याध्यापक)
ओबीसी जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. एका मुलीच्या आजोबांच्या शालेय नोंदीत जातीच्या रकान्यात मागाहून शब्द घातलेला होता. दक्षता पथकाने शाळेत येऊन मूळ जनरल रजिस्टरच उघडायला लावलं. शाई वेगळी, वळण वेगळं. मला आजही हळहळ वाटते ती यासाठी, की त्या घराला याची गरजच नव्हती. शेजारच्या गावातल्या शाळेत तिच्या चुलत आजोबांची नोंद स्वच्छ सापडली असती, कुणी शोधायला गेलं नाही. एका बनावट नोंदीने खरे कागदही संशयात आले. महाराष्ट्राच्या 2000 च्या कायद्यानुसार खोट्या दाखल्यावरचा प्रवेश तर जातोच, पदवीही रद्द होते; शिवाय सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मध्ये बरीच वर्षं गेली म्हणून असा लाभ टिकत नाही, हे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलंय.

गुहागर
मामेभावाला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. रंगांधळेपणा लपवला, तपासणीत रंगीत ठिपक्यांतून ओळखायचे आकडे पाठ करून गेला. पुढे मान्यताप्राप्त डॉक्टरांच्या तपासणीत उघड झालं. कोर्सची फी कर्ज काढून भरलेली. त्याचे हप्ते अजून चालू आहेत, आंब्याच्या पैशांतून.

अलिबाग
आमच्या वर्गातल्या एकाने अर्जात 'गॅप' दाखवला, म्हणजे एक वर्ष कुठेच शिकत नव्हतो असं. प्रत्यक्षात ते वर्ष दुसऱ्या कॉलेजात, आणि कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला तिथेच अडकलेला. तो आणणार कुठून?

मालवण
मी प्रवेशाचे अर्ज भरून देते. खोटी आयडिया बहुतेक वेळा मोठ्यांची असते आणि प्रतिज्ञापत्राखाली सही मात्र पोराची, याचा मला फार राग येतो. ज्यांचा अर्ज चुकीचा भरला गेलाय त्यांच्यासाठी: सीईटीच्या प्रवेशात तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर अंतिम यादीच्या आधी तक्रार-दुरुस्तीचे दिवस मिळतात. आपल्या लॉगिनमधून त्याच दिवसांत दुरुस्त करा. आरक्षणाचा कागद नसेल तर खुल्या वर्गातून अर्ज चालू राहतो.