सीएनसी राउटरचा टूलपाथ आणि पोस्ट प्रोसेसर : तुमच्या मशीनवरचे अनुभव

सांगली, मिरज, कुपवाडपासून कराड, साताऱ्यापर्यंत आपल्यापैकी अनेकांकडे राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणारे मशीन आहे, पण ते बसवायला आलेला माणूस जो पोस्ट प्रोसेसर (थोडक्यात पोस्ट) निवडून देतो, तोच पुढे वर्षानुवर्षे चालत राहतो. कॅम सॉफ्टवेअरमध्ये आखलेला टूलपाथ, म्हणजे टूलचा मार्ग, मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला कळेल अशा जी-कोडच्या आज्ञांमध्ये उतरवणारी ही फाइल नोटपॅडमध्ये उघडता येते, हे मला तीन वर्षांनी कळले. तुमच्याकडे काय बिघडले, नेमके काय बदलले आणि त्याने किती फरक पडला, हे माल, टूल आणि आकड्यांसह लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो, त्याखाली इतरांचे अनुभव त्यांच्या गावाच्या नावाने आहेत.

कुपवाड, मॉड्युलर किचन

१८ मिमीच्या लॅमिनेट लावलेल्या प्लायवर ६ मिमीचे दोन धारांचे कॉम्प्रेशन बिट चालवताना कड काळी पडत असे आणि बिट लवकर बोथट होई. टूल वाचावे म्हणून मी १८,००० आरपीएमवर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) मुद्दाम कमी, म्हणजे मिनिटाला २,५०० मिमी ठेवले होते. फीडला आरपीएम आणि धारांच्या गुणाकाराने भागले तेव्हा एका धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०७ मिमी येत असल्याचे दिसले. टूल कापण्याऐवजी घासत होते आणि तापत होते. फीड ५,४०० केल्यावर हा आकडा ०.१५ झाला. पूर्वी पिठासारखा भुसा उडायचा, तो आता दाणेदार पडतो आणि हाताला थंड लागतो.

वरच्या लॅमिनेटच्या कपच्या मात्र तरीही निघत होत्या. कॉम्प्रेशन बिटच्या टोकाकडच्या धारा भुसा वर खेचतात, म्हणून तेवढा भाग पहिल्याच पासमध्ये लॅमिनेटच्या खाली गेला पाहिजे. माझा पहिला पास ५ मिमीचा होता, तो ९ केला आणि कड स्वच्छ आली. छोटे भाग टेबलाच्या व्हॅक्यूमच्या पकडीत सरकतात, त्यामुळे तळाशी ०.३ मिमीची पातळ साल ठेवून ती शेवटच्या फेरीत कापतो, आणि त्या फेरीत लहान तुकडे आधी घेतो, कारण तोवर शीट एकसंध असते आणि पकड टिकते.

कराड, देवघरे आणि जाळ्या

माझे मशीन २.२ किलोवॉट स्पिंडलचे (टूल फिरवणाऱ्या मोटरचे) असून माख-३ या कंट्रोलर सॉफ्टवेअरवर चालते. नवा पोस्ट घेतल्यावर जाळीतल्या छोट्या कमानींच्या जागी शीटभर पसरलेली वर्तुळे पडद्यावर उमटली. जी२ आणि जी३ या कंस कापण्याच्या आज्ञांमधले, कंसाचा मध्य सांगणारे आय-जे आकडे कंसाच्या आरंभबिंदूपासून मोजायचे की कामाच्या शून्यापासून, याबद्दल पोस्ट आणि कंट्रोलर यांचे एकमत नव्हते. पोस्टच्या सुरुवातीला जी९१.१, म्हणजे आरंभबिंदूपासून मोजा, ही एक ओळ घातल्यावर प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट जी४ची, म्हणजे थांबण्याच्या आज्ञेची. स्पिंडल सुरू करणाऱ्या एम३ नंतर तो पूर्ण वेगाला पोचण्याआधीच टूल लाकडात उतरत असे, आणि त्यात माझी दोन बिटे मोडली. मी पी५ लिहून पाच सेकंदांची थांबणूक दिली, तरी तिसरे बिट मोडले, कारण माख-३ मध्ये हा आकडा सेकंदांत घ्यायचा की मिलिसेकंदांत हे वेगळे ठरवावे लागते आणि माझ्याकडे तो मिलिसेकंदांत होता. तेव्हापासून नवा पोस्ट मी आधी झेड (टूल वर-खाली नेणारा अक्ष) ५० मिमी वर धरून हवेत चालवतो.

वेळ वाचला तो मात्र हवेतल्या हालचालीत. ३०० छिद्रांच्या जाळीत टूल प्रत्येक वेळी २५ मिमी वर जात होते, ते ५ मिमीवर आणले. एका छिद्रामागे जाऊन-येऊन ४० मिमी, म्हणजे एकूण १२ मीटर फेरी वाचली. माझा झेड रॅपिडला, म्हणजे न कापता जलद हलताना, मिनिटाला २,००० मिमी धावतो, त्यामुळे एका जाळीमागे सहा मिनिटे कमी झाली. टूल आता खालूनच फिरते, म्हणून शीट धरणारे क्लॅम्प मात्र जाळीच्या हद्दीबाहेरच ठेवावे लागतात.

मिरज, नावाच्या पाट्या

जीआरबीएल हा कंट्रोलर असलेल्या छोट्या मशीनवर एम६ (टूल बदला) किंवा जी४३ एच (टूलची लांबी धरा) आले की एरर २०, म्हणजे न कळणारी आज्ञा, येऊन काम थांबते. पोस्टमधून या ओळी काढल्या आणि प्रत्येक टूलची फाइल वेगळी काढून तिच्या नावातच टूलचा व्यास लिहू लागलो.

सातारा एमआयडीसी, फाउंड्रीचे पॅटर्न

बिडाचे ओतीव काम थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. माझ्या आधीच्या ऑपरेटरने ही वाढ थेट पोस्टमध्येच घालून ठेवली होती आणि कोणाला सांगितले नव्हते. एकदा पॅटर्न बसवायची ४०० मिमीची पाटी कापली, ती ४०४ भरली, आणि कारण सापडेपर्यंत मी दोन दिवस मशीनचे अक्ष सरकवणारे बॉलस्क्रू तपासत बसलो. आकाराचा निर्णय मॉडेलमध्ये घ्यावा, पोस्टने फक्त भाषांतर करावे, हे माझे ठाम मत आहे. फिनिशिंगला ६ मिमी बॉलनोजचा (गोल टोकाच्या बिटचा) स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमधले अंतर, ०.६ वरून ०.९ मिमी केला. लाकडी पॅटर्नला पुढे पॉलिशपेपर लागतोच, मग एक तृतीयांश वेळ मशीनवर का घालवावा?

विटा, दरवाजांवरील कोरीव काम

आमच्याकडे वीज मधेच जाते. पूर्वी जी२१ (मापे मिमीत), जी९० (अंतरे शून्यापासून) आणि जी५४ (कामाचा शून्य) फक्त फाइलच्या डोक्यावर असत, त्यामुळे मधल्या ओळीपासून सुरू केले की मशीन भलतीकडे धावे. आता प्रत्येक टूलपाथच्या आरंभी हे कोड, स्पिंडलचा वेग आणि सुरक्षित झेड पुन्हा लिहिले जातील, असा पोस्ट मी करून घेतला आहे. मागच्या आठवड्यात साडेतीन तासांच्या दरवाजावर शेवटच्या वीस मिनिटांत वीज गेली. लिमिट स्विचवर होम केले, म्हणजे मशीनला तिचा मूळ शून्य पुन्हा दाखवला, अर्धवट राहिलेला टूलपाथ त्याच्या पहिल्या ओळीपासून चालवला, आणि टूल आधीच्याच खाचेतून फिरत गेले.