सव्वादोन वर्षांची लेक क्रिबमधून उडी मारते, आता पलंगावर झोपवावं का?

प्रश्न (आरोहीची आई)
परवा पहाटे धप्प आवाज झाला. धावत जाऊन बघते तर ही क्रिबच्या बाहेर, जमिनीवर बसलेली. एक मोजा पायात, दुसरा कठड्याच्या गजात अडकलेला. लागलं नाही, पण माझे हातपाय गार पडले. गादी आधीच सगळ्यात खालच्या खाचेत लावलेली आहे. त्यात दोन महिन्यांनी दुसरं बाळ येतंय आणि क्रिब त्याला लागणार. "माझी जागा बाळाला दिली" असं तर नाही ना वाटणार तिला? रात्री जाग आली की तेच मनात घोळत राहतं.

उत्तर (दोन मुलांची आई)
ती बाहेर यायला शिकलीये, तेव्हा आता वाट बघू नका. एरवीही उंची ८९ सेंमीच्या आसपास गेली किंवा उभं राहिल्यावर कठडा छातीपर्यंतच यायला लागला की क्रिबची वेळ संपली समजायचं.

पलंग बुटका हवा. आम्ही तर पहिले तीन महिने गादी थेट जमिनीवर टाकली होती. रोज सकाळी ती उभी करून ठेवायची, नाहीतर खालून दमट होते.

पण पलंगापेक्षा खोलीकडे जास्त बघा. आता ती रात्री एकटी उठून कुठेही जाऊ शकते. कपड्यांचं कपाट, ड्रॉवरचं टेबल भिंतीला स्क्रूने पक्कं करा. मुलं ड्रॉवर उघडून त्याच्या पायऱ्या करतात. पडद्याच्या दोऱ्या उंच बांधा. आणि पलंग व भिंत यांच्यात फट ठेवू नका. माझ्या धाकट्याचा हात तिथे कोपरापर्यंत अडकला होता, तो रडण्याचा आवाज अजून कानात आहे. एकदा गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरा, तिच्या उंचीवरून काय काय हाताला लागतं ते कळेल.

पहिल्या रात्री मी थोरल्याला सतरा वेळा परत नेऊन झोपवलं. दिवा लावायचा नाही, गप्पा नाहीत, रागवायचं नाही. हात धरायचा, गादीवर आडवं करायचं, पांघरूण घालायचं, बाहेर यायचं. चौथ्या रात्री दोनदाच उठला. कंटाळून एकदा जरी आपल्या अंथरुणात घेतलं की दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात.

बाळाचं म्हणाल, तर हे या आठवड्यातच करा, म्हणजे हाती दोन महिने राहतात. क्रिब उघडून नजरेआड ठेवा. नवजात बाळ सुरुवातीला लहान पाळण्यात झोपू शकतं, तोवर ती क्रिब विसरलेली असेल.

उत्तर (निहारचे बाबा)
वरच्या ताईंशी सहमत, फक्त वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो: मूल उडी मारत नसेल तर घाई करू नका. आम्ही दीड वर्षाचा असताना हौसेने पलंग आणला. "इथून उठायचं नाही" हे त्या वयात कळतच नाही. तीन आठवडे घरात कुणी धड झोपलं नाही. शेवटी क्रिब परत जोडली, आणि तीन वर्षांचा झाल्यावर दोन रात्रींत बदल झाला. तुमच्याकडे मात्र ती पडते आहे, त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही. जुनं पांघरूण तेच ठेवा, धुऊही नका. निहारला त्या वासानेच झोप लागायची.

आरोहीची आई
आज सहावी रात्र. कपाट भिंतीला ठोकलं, गादी जमिनीवर टाकली. चादर तिनेच निवडली, बदकांची. पहिल्या रात्री अकरा वेळा उठली, काल एकदाच. क्रिब उघडताना तिला हातात स्क्रू धरायला दिले होते. एकेक मोजून डब्यात टाकले आणि झाकण लावून म्हणाली, "बाळाचे." मी तिथेच खाली बसले आणि तिला जवळ घेतलं.